मंगळवारचा डबा

प्रिय रंगूताई,

आधी एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे पुढचं मोकळ्या मनाने लिहिता येईल. त्या थाई नूडल्सचा मला राग आहे. नूडल्सचा कधी कुणाला राग येतो का, असं म्हणत तू चष्मा कपाळावर सरकवशील. येतो. तांदळाच्या त्या पातळ पांढऱ्या शेवया, त्यात गाजराच्या काड्या, कोबी, मोड आलेले मूग, वरून लिंबू आणि भाजलेले शेंगदाणे, एवढ्याशा गोष्टीवर माझा गेले तीन महिने जळफळाट चालला आहे. पंचावन्नाव्या वर्षी बाईने जळायचंच तर कुणाच्या घरावर जळावं, कुणाच्या दाट केसांवर जळावं. मी जळतेय एका डब्यावर.

तू आजारपणाच्या रजेवर गेलीस त्याला आज पाच आठवडे झाले. मी एकदाही आले नाही. फोन दोनदा केला, तोही कामाचाच, कवळीच्या पुढच्या चार दातांना पांढऱ्याची कुठली शेड लावू म्हणून. तू शेड सांगितलीस, मग थोडी थांबलीस, आणि मी फोन ठेवून दिला. लॅबमध्ये मी सगळ्यांना सांगते की कामातून डोकं वर काढायला फुरसत नाही. काम काही फार नाही. मालकांनी ते दात कोरणारं मशीन आणल्यापासून माझ्या टेबलावर फक्त कवळ्या येतात, आणि कवळ्या लागणारी माणसंही आता कमी होत चालली आहेत. मला फुरसत भरपूर आहे. आले नाही ते रागाने.

एकोणीस वर्षांपूर्वी मी या दातांच्या लॅबमध्ये आले तेव्हा मला मेणात दात कोरणं तेवढं कळत होतं. तू समोरच्या टेबलावर, खिडकीच्या उजेडात, रंगांची पट्टी हातात धरून बसली होतीस. पांढऱ्याचे सोळा प्रकार असतात आणि त्यातला एकही खरा पांढरा नसतो, हे तू मला पहिल्याच दिवशी ऐकवलंस. तेव्हापासून तू रंगूताई आणि मी मेणबाई. खरी नावं पगाराच्या कागदावर राहिली. पहिल्याच आठवड्यात आपले डबे चुकून बदलले, कारण दोघींचे डबे सारखेच, स्टीलचे, तीन खणांचे. मला चूक पहिल्या घासाला कळली होती आणि तुलाही कळली होती, पण दोघीही गप्प बसून शेवटपर्यंत जेवलो. दुसऱ्या दिवशी तू मुकाट्याने तुझा डबा माझ्या टेबलावर ठेवलास आणि माझा उचललास. त्यानंतर एकोणीस वर्षं मी माझा डबा दुपारी उघडला नाही.

नियमसुद्धा माझाच. दुसऱ्या वर्षी तू माझ्या वांग्यांना कच्ची म्हणालीस आणि मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी मीच जाहीर केलं की यापुढे डब्याबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही, बरं नाही आणि वाईट नाही, रिकामा करून धुऊन परत द्यायचा. तू हसलीस आणि कबूल झालीस. तू शब्द दिलास की तो दगडावरची रेघ असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर असला नियम मी केलाच नसता.

गेल्या वर्षी आई गेली. त्याआधीच्या थंडीत मला तो लांबलेला ताप आला होता, सर्दी महिनाभर हटली नव्हती, तुला आठवत असेल. आई गेल्यावर माझ्या जेवणातला रामच गेला. भाजी शिजवायची, पानात घ्यायची, आणि ओला कागद चावतोय असं वाटायचं. मला वाटलं दुःख म्हणतात ते हेच. घरात दुसरं कोणी नाही, की ज्याला चमचा पुढे करून विचारावं, जमलंय का. आधी आई चव बघायची. आता मीच बघायची, आणि काहीतरी कमी आहे असं वाटून आणखी घालायची. तुझा डबाही मला तसाच लागायला लागला, ताई. आज लिहितेच. वर्षभर मला वाटत होतं की तुझा हात बिघडला, तुझं लक्ष नाही, तू कसंतरी उरकून डबा भरतेस. नियम होता म्हणून मी ते मनातच ठेवलं, आणि त्या बदल्यात तुला मनातल्या मनात मोठेपणा दाखवत राहिले.

मग मशीन आलं आणि मशीनबरोबर मशीनवाली आली. तिचं मला सुरुवातीपासून काही म्हणजे काही आवडलं नाही. तिचे हात स्वच्छ राहतात. मी ज्या दाढेसाठी अर्धा दिवस मेण खरवडायची ती दाढ ती पडद्यावर फिरवून फिरवून बघते, बटण दाबते आणि चहा प्यायला जाते. तिची दाढ माझ्या दाढेपेक्षा नीट बसते, हे दवाखान्यांतून दातांची मापं आणणारा आपला मापवाला सगळ्यांना सांगत सुटला, आणि तू त्याला गप्प केलं नाहीस. उलट तू खुर्ची ओढून तिच्या पडद्यासमोर बसलीस. तिला रंग कळत नाहीत म्हणून मी शिकवतेय, म्हणालीस. मला तू कधी रंग शिकवले नाहीस. मी कधी विचारलं नव्हतं हे खरं, पण ते तेव्हा माझ्या लक्षात कुठे आलं.

आणि तीन महिन्यांपूर्वीचा तो सोमवार. मी नेहमीप्रमाणे डबा तुझ्या टेबलावर ठेवला. तू तो दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे परत आणलास आणि म्हणालीस, मेणबाई, थोडे दिवस आपली अदलाबदल राहू दे, पाय सुजतायत, डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलंय. मी म्हटलं बरं. हलकं मीही करून आणलं असतं, पण तू विचारलं नाहीस, आणि विचारल्याशिवाय सांगायची मला सवय नाही. दीड वाजता तू मशीनवालीच्या टेबलाशी जाऊन बसलीस. तिने झाकण उघडलं आणि तुम्ही दोघी त्या नूडल्सवर वाकलात.

मी माझा डबा उघडला. एकोणीस वर्षांनी माझ्या हातचं दुपारी माझ्याच पुढ्यात आलं. तुमच्या टेबलावरून कर्र-कुर्र आवाज येत होता. ती सांगत होती की भाज्या फक्त दोन मिनिटं परतायच्या, तेल एक चमचा, नूडल्स उकळायच्या नाहीत, गरम पाण्यात भिजवायच्या. ती चार वर्षं तिकडे थायलंडमध्ये कुठल्याशा दातांच्या कारखान्यात होती आणि शेजारणीकडून हे शिकली. तू म्हणालीस, किती हलकं वाटतं गं खाल्ल्यावर, अजिबात सुस्ती येत नाही. मग एक लांब शेवई तुझ्या हनुवटीवर चिकटली आणि तू हसलीस. जेवताना तुला हसलेलं मी एवढ्या वर्षांत पाहिलं नव्हतं. आपण दोघी जेवताना बोलायचोच नाही, चुकून डब्याबद्दल काही निघायला नको म्हणून. मी त्या दिवशी सगळं जेवण कागदात गुंडाळून टाकून दिलं आणि संध्याकाळपर्यंत एका कवळीचे दात तीनदा उपटून तीनदा बसवले.

पुढचे सात आठवडे हेच. कधी त्यात ब्रोकोली, कधी सिमला मिरची, कधी कोवळा मका. तू मला एकदा बोलावलंस, ये की, चाखून बघ, म्हणून. मी म्हटलं मला असलं गवत पचत नाही. मशीनवाली हसली. तिचं हसणं साधंच असावं, पण मला ते महिनाभर पुरलं. मग तुला टेबलाशी चक्कर आली, रंगांची पट्टी हातातून पडली, आणि तुला धरून रिक्षापर्यंत नेलं ते तिनेच. मी भट्टीपाशी होते. मला कळेपर्यंत रिक्षा निघून गेली होती. रक्तदाब फार वाढलाय, सहा आठवडे सक्तीची विश्रांती, असं संध्याकाळी तिनेच येऊन सांगितलं, जणू तूच तिची कोणी लागतेस.

तेव्हापासून ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी लॅब सुटल्यावर तुझ्याकडे डबा घेऊन येते. सकाळी तो डबा फ्रिजमध्ये ठेवते, वर चिठ्ठी लावते, "ताईंचा". चिठ्ठी लावायची काय गरज आहे मला सांग. लॅबमध्ये आम्ही पाच माणसं, कोण खाणार आहे तुझा डबा.

मी खाल्ला. गेल्या मंगळवारी तुझा डबा कुठे गेला असं तू तिला विचारलंस म्हणे, आणि ती म्हणाली माझ्या हातून सांडला. सांडला नव्हता. दुपारी सगळे बाहेर गेले होते, मी दूध घ्यायला फ्रिज उघडला आणि ती चिठ्ठी मला दिसली. मी डबा उचलला, प्लास्टरच्या खोलीत नेला, दाराला पाठ लावून उभी राहिले आणि झाकण काढलं. चमचा आणायला बाहेर जायची लाज वाटली म्हणून खिशातली मेण कोरायची सुरी कपड्याला पुसली आणि तिने खाल्लं. एकच घास घेणार होते. त्यात काय सोनं लागलंय, एवढंच बघायचं होतं.

ताई, मी शेवटची शेवई संपेपर्यंत थांबले नाही. गाजर दाताखाली मोडलं, कोबी मोडला, लिंबाने जबडा आवळला, मिरचीने जीभ भाजली, शेंगदाणा कडकन फुटला. वर्षभरात पहिल्यांदा तोंडात काहीतरी घडत होतं. नूडल्स गार होत्या तरी मऊ, सुळकन घशाखाली उतरत होत्या, आणि पोटाला भार म्हणून नाही. मी उभ्या उभ्या, प्लास्टरच्या पोत्यावर डबा ठेवून, आनंदाने जेवले. आणि जेवता जेवता माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, की हिच्या हाताला एवढी चव आणि माझ्या हाताला का नाही. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला ठाऊक नव्हतं.

वळले तर दारात मशीनवाली. आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. तिने डब्याकडे पाहिलं, सुरीकडे पाहिलं आणि विचारलं, "बेझिल जास्त झाली का हो आज? झाकण उघडलंत तर बाहेर पॅसेजपर्यंत वास आलाय." मी म्हटलं, कसली बेझिल. ती म्हणाली, ती हिरवी पानं, तुळशीच्या जातीची. पानं मी खाल्ली होती. वास मला आला नव्हता. मी काहीतरी बोलून निघणार, तेवढ्यात तिने पुढे होऊन माझ्या कोपरामागची कवळीच्या लिक्विडची बाटली उचलली आणि बूच लावलं. कितीतरी वेळ उघडी असणार. ज्या लिक्विडच्या वासाने नवीन माणसाच्या डोळ्यांतून पाणी येतं, ते माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. तिने हळूच विचारलं, मेणबाई, तुम्हाला वास येत नाही का?

गुरुवारी नाकाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी डोळे मिटायला सांगून एकेक कुपी नाकाशी धरली. कॉफी, लवंग, साबण, संत्र्याची साल. मी प्रत्येक वेळी विचारलं, धरली का? त्या तापापासूनच गेला असणार म्हणाले, हळूहळू, म्हणून कळलं नाही. परत येईलच असं नाही. मी विचारलं, मग चव? ते म्हणाले, आपण जिला चव म्हणतो ती बहुतेक नाकातच असते. जिभेला कळतं ते आंबट, गोड, कडू, आणि खारट. मिरचीचा जाळ कळतो, कुरकुरीत-मऊ कळतं. बाकी सगळं सपक लागतं, आणि माणसं मग नकळत मीठ वाढवत जातात.

मी बाहेर येऊन बाकावर बसले. प्लास्टर लवकर घट्ट व्हावं म्हणून आपण त्यात चिमूटभर मीठ घालतो, ती बरणी गेली एकोणीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. जास्त झालं तर साचा बिघडतो, म्हणून चिमटीसुद्धा मी कुणाला भरू देत नाही. आणि तुझ्या डब्यात मी वर्षभर काय घालत होते, ते मला तिथे बसून आठवत गेलं. बटाट्यात घातलं, मग पुन्हा घातलं. भातात घातलं. सूपमध्ये तर हाताला सुमार नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मशीनवालीला सगळं सांगितलं. तिने जे सांगितलं ते तू मला कधीच कळू दिलं नसतंस. तुझ्या रक्तदाबाच्या डॉक्टरांनी चक्कर आली त्या दिवशीच विचारलं होतं म्हणे, एवढं मीठ तुमच्या पोटात जातं कुठून, स्वयंपाक कोण करतं. ती तुझ्याबरोबर होती. तू म्हणालीस, मीच करते, माझाच हात सैल आहे. ताई, तुझा हात सैल नाही. एकोणीस वर्षं तुझं मीठ मी खाल्लंय, मला विचार. पहिल्या घासाला तुला कळलं असणार, जसं डबे बदलल्याचं कळलं होतं. आणि तू वर्षभर तो खारट डबा रिकामा करून, धुऊन, माझ्या टेबलावर ठेवत राहिलीस, का, तर मेणबाई रुसेल. पाय सुजले तेव्हासुद्धा डॉक्टरांचं नाव पुढे केलंस, माझं नाही. डॉक्टर म्हणतील वयही आहे, घराण्यातही आहे. म्हणू देत. एका माणसाच्या रुसण्याला इतकं घाबरायचं असतं का? मला तुझा फार राग आला, आणि मग तो राग कुठे ठेवावा ते कळेना.

परवा रविवार. मी मशीनवालीच्या घरी गेले. तिचं स्वयंपाकघर टेबलाएवढंच, ओट्यावर तिच्या मुलांचे रंग सांडलेले. तिने नूडल्स भिजवल्या, मी भाज्या चिरल्या. तिला माझ्यासारख्या काड्या जमत नाहीत, हे तिने आपणहून कबूल केलं, आणि मला बरं वाटलं. सोया सॉस ती तुझ्यासाठी घालतच नाही, त्यात मीठच मीठ असतं. चिंचेचा कोळ, लिंबू, चिमूटभर साखर आणि मिरची यांच्यावर भागवते. आज सकाळी घरी मी एकटीने केलं. मीठ घातलं नाही. मिठाचा डबा आधी वरच्या फळीवर, स्टुलाशिवाय हात पोचणार नाही असा ठेवून दिला. बेझिलची पानं किती घालायची कळेना, म्हणून मोजून नऊ घातली. सुवास येतोय का ते मला सांगता येणार नाही. कुरकुरीत आहे, एवढी हमी देते.

तर हे पत्र त्या डब्याच्या झाकणाखाली आहे. मशीनवाली वर येऊन तुझ्या हातात देईल. तिला फार वेळ बसवून घेऊ नकोस, मला ते अजूनही खपत नाही. आणि तो नियम मी आज मोडते आहे, माझाच होता, मीच मोडणार. यापुढे माझ्या डब्यात काय कमी, काय जास्त, ते मला तू सांगायचंस, रोज, तोंडावर, सगळ्यांदेखत, कारण मला आता ते दुसरं कुणी सांगू शकत नाही आणि माझं मला कळणार नाही. मी तुझ्या घराखालच्या बाकावर बसले आहे, खिडकीतून दिसेन. सगळं खा आणि मग खिडकीत ये. छान झालंय म्हणालीस तर मी उठून सरळ घरी जाईन. काय चुकलंय ते सांगितलंस, तर वर येते.

तुझीच,
मेणबाई